महाविद्यालयाची पायरी आणि गावाकडचा विद्यार्थी

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी समाजाला जो मंत्र दिला त्यात ‘शिका’ हा शब्द पहिला आहे. हा शब्द आपण जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमात उच्चारतो. परंतु मुलाला शिकता यावे म्हणून त्याच्या वाटेतील नेमकी अडचण शोधून ती दूर करावी लागते, हे बाबासाहेबांनी कृतीने दाखविले होते, याचा मात्र आपल्याला विसर पडतो. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. शहरात शाळा होत्या, पण खेड्यातून आलेल्या आपल्या मुलाला राहायला जागा कोणी देत नव्हते. अडचण शाळेची नसून निवाऱ्याची आहे हे त्यांनी ओळखले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादचे, पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय, हे सर्व याच दृष्टीतून उभे राहिले. त्या काळी मराठवाड्यातील मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागत असे.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या शिक्षणातही हाच धडा आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे आर्थिक अडचण आली तेव्हा केळुस्कर गुरुजींनी त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे नेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. बुद्धी बाबासाहेबांची होती, पैसा महाराजांचा होता. पण या दोघांची गाठ घालून देणारा एक शिक्षक मध्ये होता. आज आमच्या मते समाजाला सर्वांत जास्त गरज आहे ती या मधल्या माणसाची. हा लेख त्याच्याविषयी आहे.

अडचण बदलली आहे

आज तालुक्याच्या गावी महाविद्यालय आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ साली, सुरू झालेली अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आजही चालू आहे. वसतिगृहे आहेत, राखीव जागा आहेत. तरीही अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार १८ ते २३ वयोगटातील उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण सर्व समाज धरून २८.४ टक्के, अनुसूचित जातींत २५.९ टक्के आणि अनुसूचित जमातींत २१.२ टक्के आहे. म्हणजे शंभरातील चौऱ्याहत्तर जण अजून बाहेरच आहेत. यात शहरातली मुलेही मोजलेली आहेत. वाडी-वस्तीवरच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांची स्थिती याहून बिकट आहे, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

ही मुले हुशार नाहीत म्हणून मागे राहतात काय? तसे नाही. आम्ही बँकेच्या खिडकीवर बसणारी माणसे आहोत. आमच्या समोर जे घडले त्यातील एकच प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा वडिलांना घेऊन आमच्या शाखेत आला. बारावीला त्याला चांगले गुण होते, तो बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होता आणि वर्ष संपत आले तरी त्याची शिष्यवृत्ती जमा झाली नव्हती. महाविद्यालय फी मागत होते. आम्ही खाते पाहिले आणि सांगितले, “आमच्याकडे काही आलेले नाही.” मागे रांग होती. बाप-लेक निमूटपणे निघून गेले. पुढे त्यांच्या गावी जयंतीच्या कार्यक्रमाला गेलो असता कळले की त्याने शिक्षण सोडले आणि तो चाकणला ठेकेदाराकडे कामाला लागला. त्याची शिष्यवृत्ती आली होती. ती दुसऱ्याच एका बँकेतील खात्यात पडून होती. गावात कधीतरी भरलेल्या शिबिरात त्याचे ते खाते उघडले गेले होते आणि त्याचा आधार क्रमांक तिकडे जोडला गेला होता. आम्ही दिलेले उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. आणखी दोन मिनिटे देऊन आधार कोणत्या बँकेला जोडला आहे एवढे पाहा म्हणून सांगितले असते, तर एक पदवीधर वाढला असता. ही चूक आमची आहे आणि तिची भरपाई म्हणूनच हे लिहीत आहोत.

गळती नेमकी कोठे होते?

आमच्या अनुभवाने तीन ठिकाणी मूल गळते. पहिले ठिकाण दहावीनंतरचे. कोणती शाखा घ्यायची, कोणते महाविद्यालय घ्यायचे हे घरात कोणाला सांगता येत नाही. मित्राने जे घेतले तेच आपणही घ्यायचे, असे होते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. त्यात पसंतीक्रम भरावा लागतो. तो भरताना एस.टी. कोणत्या वेळेला जाते आणि संध्याकाळी परत कधी येते याचा विचार केला नाही, तर प्रवेश मिळूनही मूल घरी बसते.

दुसरे ठिकाण बारावीचा निकाल आणि पुढचा प्रवेश यांच्यामधले. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी या अभ्यासक्रमांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते, वैद्यकीयसाठी ‘नीट’ असते, आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी वेगळी सामाईक परीक्षा आहे. या सर्वांचे अर्ज बारावीच्या निकालाआधी कित्येक महिने भरावे लागतात. निकाल लागल्यावर पेढे घेऊन येणारा पालक तेव्हा विचारतो, “आता पुढं काय करायचं, साहेब?” तोपर्यंत अनेक दारे बंद झालेली असतात.

तिसरे ठिकाण पहिल्या वर्षाचे. प्रवेश झाला, पण पैसे आले नाहीत, वसतिगृह मिळाले नाही, खोलीभाडे थकले. अशा वेळी मूल कोणाला न सांगता गावी परत येते. याची नोंद कोठेच होत नाही.

कागद आधी, गुण नंतर

आता कागदांकडे वळू. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक हे नेहमीचे कागद. यापैकी उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मुदतीचा मिळतो, म्हणून तो वेळोवेळी नवा काढावा लागतो. बाकीचे एकदा नीट झाले की आयुष्यभर उपयोगी पडतात.

सर्वांत किचकट प्रकरण जात पडताळणीचे. राज्याचा २००० चा जातप्रमाणपत्रविषयक कायदा २००१ पासून अमलात आला. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी दाखला पुरत नाही, जिल्हा समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वी आपले पूर्वज महाराष्ट्रात राहत होते आणि त्यांची जात अमुक होती, हे दाखवावे लागते. येथेच आपल्या घरांची अडचण होते. ज्यांच्या आजोबांना शाळेत बसू दिले नाही, त्यांच्या नातवाकडे आजोबांचा शाळेचा दाखला मागितला जातो. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांच्याकडे जमिनीचा जुना उतारा कोठून येणार? पण म्हणून हताश होण्याचे कारण नाही. जुन्या कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी जातीसह आढळतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्याची नक्कल मिळते. वतनाच्या जमिनीच्या नोंदी असतील तर त्याही चालतात. आजोबा नाही, तर चुलत आजोबा शाळेत गेले होते काय, हे पाहावे. वडिलांकडील रक्ताच्या नात्यातल्या कोणाला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचे शपथपत्र यांनी काम पुष्कळ सोपे होते. म्हणून ज्या घरात एकाला वैधता मिळाली, त्याने ती भाऊबंदांपासून लपवून ठेवू नये. भावकीतले जुने वाद मुलांच्या मुळावर येऊ देऊ नयेत.

आपल्या दाखल्यांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेकांनी मुलांच्या शाळेच्या नोंदीत अभिमानाने ‘बौद्ध’ असे लिहिले, आणि ते योग्यच होते. पण काहींच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, काहींच्या ‘नवबौद्ध’, तर वडिलांच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ असे वेगवेगळे दिसते. महाराष्ट्रात बौद्धांना १९६० पासून सवलती मिळाल्या आणि केंद्रात १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. केंद्रीय संस्थेत प्रवेश घ्यायचा तर अनुसूचित जातीतून बौद्ध धम्म स्वीकारल्याचे, केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र काढावे लागते. त्यासाठी मूळ जातीचा पुरावा लागतो. म्हणून धर्मांतरापूर्वीच्या पिढीचे कागद जपून ठेवले पाहिजेत. नाव, जन्मतारीख किंवा जातीच्या नोंदीत चूक असेल तर ती मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्यानंतर ही दुरुस्ती फार कठीण होते. हे काम आठवी-नववीतच व्हावे असा आमचा आग्रह आहे. विज्ञान शाखेत जाणाऱ्याने पडताळणीचा अर्ज महाविद्यालयामार्फत अकरावीतच करावा, प्रवेशाच्या महिन्याची वाट पाहू नये.

बँकेचे खाते : लहान गोष्ट, मोठे नुकसान

हा विषय आमच्या रोजच्या कामातला असल्याने थोडे सविस्तर सांगतो. शिष्यवृत्ती आता विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येते. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. खाते उघडताना आधार कार्डाची प्रत दिली म्हणजे खाते जोडले गेले असे नव्हे. सरकारी पैसा त्या खात्यात यावा यासाठी बँकेत वेगळी संमती द्यावी लागते. याला सीडिंग म्हणतात. एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली असते आणि शेवटी जेथे जोडली तेथे पैसा जातो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी आधारच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक कोणत्या बँकेला जोडला आहे ते पाहून घ्यावे. यास पैसे पडत नाहीत.

खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे असावे, वडिलांचे किंवा मामाचे नको. ते बँकेत असावे, पतसंस्थेत नको. काही जनधन खाती ‘छोटी खाती’ म्हणून उघडलेली असतात. त्यांत एका वेळी ५० हजारांहून अधिक शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षभरात एक लाखाहून अधिक रक्कम जमा होऊ शकत नाही. मोठी फी असणाऱ्याने पूर्ण कागद देऊन ते साधे बचत खाते करून घ्यावे. शाळेत असताना उघडलेल्या खात्यासाठी अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर नवी सही व कागद द्यावे लागतात. दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय होऊ शकते, म्हणून मधूनमधून शंभर रुपयांचा तरी व्यवहार करावा. आधार, गुणपत्रिका आणि पासबुक यांवरील नाव एकच असावे.

आणखी एक सूचना. अर्ज भरताना दुकानदाराचा मोबाईल क्रमांक देऊ नये आणि पासवर्ड त्याच्या वहीत ठेवू नये. अर्जात त्रुटी निघाली तर निरोप त्याच क्रमांकावर जातो आणि विद्यार्थ्याला पत्ताच लागत नाही.

पैसा कोठून येतो?

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला महाडीबीटीवर अर्ज करून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. यात शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता येतो. केंद्राने २०२०च्या डिसेंबरात या योजनेचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा ठरविला. बी.ए., बी.कॉम.सारख्या अभ्यासक्रमाला घरून ये-जा करणाऱ्यास वर्षाला ३ हजार आणि वसतिगृहात राहणाऱ्यास ६ हजार रुपये भत्ता असे त्या वेळी ठरले. उत्पन्न अडीच लाखांहून अधिक असले तरी राज्याकडून शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत मिळते, हे अनेक नोकरदार पालकांना ठाऊक नसते. दहावीला ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविणाऱ्यास अकरावी-बारावीत राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे.

हे लक्षात ठेवावे की अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. फीची जी रक्कम खात्यात येते ती घरखर्चाची नव्हे, ती सात दिवसांत महाविद्यालयात भरायची असते. घरात आजारपण आले आणि ती रक्कम खर्च झाली की पुढच्या वर्षी विद्यार्थी अडकतो. तसेच एकदा बी.ए. करून पुन्हा बी.कॉम. केले तर त्याच पातळीच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणून पहिली निवड विचारपूर्वक करावी.

राहण्यासाठी समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत, तेथे निवास व भोजन मोफत असते. वसतिगृहात जागा न मिळाल्यास २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपये आणि लहान शहरांत त्याहून कमी अशी रक्कम ठरविण्यात आली. गुणांची व उत्पन्नाची अट आहे, ती अर्जाच्या वेळी समाजकल्याण कार्यालयातून तपासून घ्यावी. मात्र हा पैसा हाती यायला वेळ लागतो आणि खोलीचा मालक पहिल्याच महिन्यात भाडे मागतो. हे अंतर भरून काढणे हे समाजाचे काम आहे.

कर्जाबद्दल गैरसमज फार आहेत. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. हप्ते शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मान्य केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदार यांशिवाय कर्जाची सोय आहे. तरी आमचे सांगणे असे की शिष्यवृत्ती आणि वसतिगृह हे मार्ग आधी पूर्ण वापरावेत आणि कर्ज शेवटी घ्यावे. न चालणाऱ्या खासगी महाविद्यालयाच्या माणसाने घरी येऊन गोड बोलून दाखविले, म्हणून तर मुळीच घेऊ नये.

मुलींविषयी

ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास बारावीपर्यंत मिळतो. पास संपतो आणि त्याच वर्षी घरात लग्नाची बोलणी सुरू होतात, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. पालकांची भीती खोटी नसते. रात्री उशिरा येणारी गाडी, अनोळखी शहर, खोली कोणती, शेजार कोणता, या सगळ्याची काळजी असते. त्यांना भाषण देऊन उपयोग नाही. संस्थेच्या दोन भगिनींनी आईला बरोबर घेऊन मुलींचे वसतिगृह दाखवून आणावे. आईने जागा आणि गृहपाल डोळ्यांनी पाहिली की निम्मा विरोध तेथेच मावळतो.

संस्थेने काय करावे?

सातारच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा व शिका’ ही योजना दिली, कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी जातीजातींची वसतिगृहे उघडून दिली. अलीकडे यवतमाळ येथे राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘एकलव्य’ने ग्रामीण, पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना नामवंत संस्थांपर्यंत नेण्याचे काम केले आहे. आपली संस्था तेवढी मोठी नाही. पण जे झेपेल ते नियमाने करता येईल. आमच्या सूचना अशा :

१) प्रत्येक गावातील आठवी ते बारावीच्या मुलामुलींची यादी करावी आणि प्रत्येकाची एक फाईल असावी. फाईलच्या पहिल्या पानावर कोणते कागद आहेत व कोणते नाहीत ते लिहावे.

२) दर पाच विद्यार्थ्यांमागे एक सभासद नेमावा. तो शिक्षक, कारकून, तलाठी, परिचारिका, कंडक्टर कोणीही असो. त्याने महिन्यातून एकदा विचारपूस करावी आणि गरज पडल्यास कार्यालयात विद्यार्थ्याच्या सोबत जावे.

३) दिवाळीच्या आधी कागदांचे शिबिर घ्यावे, कारण त्यानंतर ऊसतोडीला गेलेली घरे उन्हाळ्यापर्यंत परत येत नाहीत.

४) जानेवारीत बारावीच्या मुलांसाठी प्रवेश परीक्षांच्या अर्जांची माहिती द्यावी. जूनमध्ये विहारात दररोज संध्याकाळी दोन तास अर्ज भरून देण्याची सोय करावी.

५) संस्थेच्या निधीतून पहिल्या दोन महिन्यांच्या खोलीभाड्यापुरती बिनव्याजी उचल द्यावी. शिष्यवृत्ती आल्यावर ती परत घ्यावी, म्हणजे पुढच्या मुलाला देता येईल.

६) महाविद्यालयात गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका धाकट्याची जबाबदारी घ्यावी. हीच त्याची परतफेड.

यातील एकाही गोष्टीला इमारत लागत नाही. सभागृहाच्या रंगरंगोटीसाठी आपण जेवढी वर्गणी जमवतो, तिच्या अल्प भागात हे काम होते. लागतो तो वेळ, आणि सरकारी कार्यालयातील बाकावर दुसऱ्याच्या मुलासाठी बसून राहण्याची तयारी.

विद्यार्थी मित्रांनोही एक शब्द. विचारायला लाजू नका. खिडकीवरचा माणूस ‘नाही’ म्हणाला तर ‘का नाही’ आणि ‘मग कोठे विचारू’ हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय मागे फिरू नका. आमच्या शाखेत आलेल्या त्या मुलाने ते विचारले नाहीत, कारण त्याला कोणी तसे शिकविले नव्हते. आणि आम्ही आपणहून सांगितले नाही. आता आमच्या खिडकीवर कोणी शिष्यवृत्तीची चौकशी करायला आला की आम्ही रांग थोडी थांबवतो. मागचे लोक कुरकुर करतात, ती आम्ही ऐकून घेतो.

बाबासाहेबांना केळुस्कर गुरुजी भेटले. आपल्या गावच्या मुलाला कोण भेटणार, याचे उत्तर या स्मरणिकेच्या प्रत्येक वाचकाने द्यावयाचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!